अतिरिक्त साखर आणि कर्बोदकांचे आरोग्यावरील परिणाम

आहारातील साखर आणि इतर कर्बोदके यांचे प्रमाण शरीराच्या गरजेपेक्षा दीर्घकाळ अधिक राहिल्यास चयापचय बिघडते. त्यातून लठ्ठपणा, मेदयुक्त यकृत, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, रक्तातील मेदाचे विकार, हृदयविकार आणि दंतक्षय हे विकार उद्भवतात किंवा बळावतात. कर्बोदके हा मानवी आहारातील ऊर्जेचा प्रमुख स्रोत असून ती स्वतः अपायकारक नाहीत. अपाय होतो तो त्यांचे प्रमाण, त्यांचे स्वरूप आणि खाणाऱ्याच्या शारीरिक श्रमांशी त्यांचा सुटलेला मेळ यांमुळे. भारतीय आहारात हा प्रश्न केवळ मिठाई आणि शीतपेयांपुरता नाही. येथे कर्बोदकांचा मोठा वाटा भात, पोळी, पोहे, साबुदाणा, बटाटा अशा चवीला गोड नसलेल्या पदार्थांतून येतो. त्यामुळे ‘मी गोड खात नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या व्यक्तीच्या आहारातही कर्बोदकांचा अतिरेक असू शकतो.

संज्ञा आणि प्रकार

कर्बोदके ही कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची संयुगे आहेत. पचनाच्या दृष्टीने त्यांचे शर्करा, पिष्ट आणि तंतू असे तीन गट पडतात. ग्लुकोज व फ्रुक्टोज या एकेरी शर्करा होत. घरात वापरली जाणारी साखर, म्हणजे सुक्रोज, ही ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचा प्रत्येकी एक रेणू जोडून बनलेली दुहेरी शर्करा आहे. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबलचक साखळी. तांदूळ, गहू, ज्वारी, बटाटा यांत ते मुख्यत्वे असते. तंतूंचे पचन मानवी आतड्यात होत नाही, परंतु पिष्टाचे पचन सावकाश व्हावे यासाठी त्यांचा उपयोग होतो.

एक ग्रॅम साखर किंवा एक ग्रॅम पिष्ट यांपासून सारखीच, म्हणजे सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. जिभेला या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो. मात्र लाळेतील व स्वादुपिंडरसातील विकरे पिष्टाची साखळी तोडून ग्लुकोज मोकळे करतात आणि आतड्यातून रक्तात जाते ते ग्लुकोजच.

जागतिक आरोग्य संघटना ‘मुक्त शर्करा’ ही संज्ञा वापरते. उत्पादकाने, स्वयंपाक करणाऱ्याने किंवा खाणाऱ्याने पदार्थात घातलेली साखर, तसेच मध, पाक आणि फळांचे रस यांतील नैसर्गिक शर्करा तीत मोडतात. अखंड फळातील व दुधातील शर्करा तीत मोजली जात नाही. संत्रे सोलून खाणे आणि चार संत्र्यांचा रस गाळून पिणे यांत शास्त्र भेद करते तो याच कारणाने. रस काढताना तंतू मागे राहतात आणि चार फळांची शर्करा दोन मिनिटांत पोटात जाते.

शरीरात काय घडते

प्रौढ निरोगी व्यक्तीच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि उपाशीपोटी त्यात ग्लुकोजचे प्रमाण दर लिटरला एक ग्रॅमच्या आसपास असते. याचा अर्थ संपूर्ण रक्ताभिसरणात कोणत्याही क्षणी जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक लहान चमचाभर ग्लुकोज फिरत असते. दोन पोळ्या, वाटीभर बटाट्याची भाजी, वरण आणि मूदभर भात अशा साध्या जेवणातून १०० ग्रॅमहून अधिक कर्बोदके सहज मिळतात. रक्तात असलेल्या ग्लुकोजच्या वीसपटीएवढा हा साठा काही तासांत रक्तातून वाट काढून योग्य ठिकाणी पोहोचवावा लागतो. हे काम स्वादुपिंडातील बीटा पेशींमधून स्रवणाऱ्या इन्सुलिन या संप्रेरकाच्या आधारे चालते.

इन्सुलिनच्या प्रभावाने ग्लुकोज स्नायूंमध्ये व मेदपेशींमध्ये शिरते आणि यकृत स्वतःकडून ग्लुकोज सोडणे थांबवते. वापरून उरलेले ग्लुकोज यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. ही कोठारे मात्र लहान आहेत. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम एवढीच त्यांची क्षमता. शेतात दिवसभर राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या किंवा मैलोन्‌मैल चालणाऱ्या माणसाची स्नायूंतील कोठारे रोज रिकामी होतात आणि रोज भरतात. बैठे काम करणाऱ्याची कोठारे आदल्या दिवशीचीच भरलेली असतात. मग यकृत जादा ग्लुकोजचे रूपांतर मेदाम्लांत करते. हा मेद ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तातून शरीरभर जातो, काही यकृतातच साठून राहतो. तेल-तूप मोजून खाणाऱ्याच्या रक्तातही ट्रायग्लिसराइड वाढलेले का आढळते, या नेहमीच्या प्रश्नाचे एक उत्तर येथे आहे.

फ्रुक्टोजची वाट थोडी वेगळी आहे. ग्लुकोज शरीरातील जवळजवळ सर्व पेशी वापरतात, तर मोठ्या मात्रेत आलेल्या फ्रुक्टोजचा भार मुख्यतः यकृतावर पडतो. तेथे त्यापासून मेद तयार होण्याची प्रक्रिया वेगाने होते व उपपदार्थ म्हणून यूरिक आम्लही वाढते. साखरेचे गोड पेय घाईने प्यायल्यास यकृतावर हा भार एकदम येतो. फळातून येणारे फ्रुक्टोज कमी मात्रेत, तंतूंसह आणि सावकाश येत असल्याने तसा परिणाम दिसत नाही.

यकृतात व स्नायूंत मेद साचू लागला की त्या पेशी इन्सुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. या स्थितीस इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. तेवढेच ग्लुकोज हाताळण्यासाठी स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन स्रवावे लागते आणि कित्येक वर्षे ते तसे स्रवतेही. या काळात रक्तातील साखर तपासली तर ती सामान्य येते, व्यक्तीला कोणताही त्रास जाणवत नाही. बीटा पेशींची क्षमता घटू लागल्यावर मात्र प्रथम जेवणानंतरची आणि पुढे उपाशीपोटीची साखर वाढते. निदान होते त्या दिवशी आजार नवा नसतो; त्याचा आरंभ बहुधा बऱ्याच वर्षांपूर्वी झालेला असतो.

प्रमुख दुष्परिणाम

मधुमेह : उपाशीपोटी रक्तशर्करा दर डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास मधुमेहाचे निदान केले जाते. उपाशीपोटी १०० ते १२५ मिलिग्रॅम किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के ही मधुमेहपूर्व अवस्था होय. साखर हे मधुमेहाचे एकमेव कारण नाही. आनुवंशिकता, पोटावरील मेद, श्रमांचा अभाव, वय, अपुरी झोप यांचाही त्यात वाटा असतो. तथापि साखरयुक्त पेयांचा संबंध पुष्कळ अभ्यासांतून पुढे आला आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात रोज एक-दोन वेळा अशी पेये घेणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका, ती क्वचित घेणाऱ्यांच्या तुलनेत, २६ टक्क्यांनी अधिक आढळला. पहिल्या प्रकारचा मधुमेह हा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने बीटा पेशींवर केलेल्या हल्ल्यामुळे होतो. तो साखर खाल्ल्याने होत नाही. अशा आजारी मुलांच्या आईवडिलांना ‘लाडाने गोड खाऊ घातले’ म्हणून दोष दिला जातो, तो सर्वस्वी अन्यायकारक आहे.

अनियंत्रित मधुमेहात दीर्घकाळ वाढलेली साखर सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करते. दृष्टिपटल, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांवर तिचा परिणाम होतो. पायाची संवेदना गेल्याने झालेली जखम लक्षात न येणे आणि ती चिघळून पाय कापावा लागणे ही त्याची सर्वांत दुःखद परिणती होय.

मेदयुक्त यकृत : मद्यपान न करणाऱ्या व्यक्तींच्या यकृतातही मेद साचतो. सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ असा शेरा आता वारंवार दिसतो आणि तो किरकोळ समजून अहवाल कपाटात ठेवला जातो. काहींच्या बाबतीत मात्र पुढे यकृताचा दाह, तंतुमयता आणि सिरॉसिस असा क्रम लागतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात मेदयुक्त यकृत असलेल्या ४० किशोरवयीन मुलांचे दोन गट करण्यात आले. एका गटाच्या घरचा सर्व आहार ८ आठवडे मुक्त शर्करा अत्यल्प राहील असा ठेवला. त्या गटातील यकृतमेदाचे सरासरी प्रमाण २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आले. नेहमीचा आहार घेणाऱ्या गटात ते २१ वरून २० एवढेच उतरले.

हृदय व रक्तवाहिन्या : कर्बोदकांचा अतिरेक ट्रायग्लिसराइड वाढवतो आणि उपकारक समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल घटवतो. भारतीयांमध्ये ही जोडी विशेषत्वाने आढळते. अमेरिकेतील राष्ट्रीय सर्वेक्षणावर आधारित २०१४ च्या एका अभ्यासात, एकूण ऊर्जेच्या २५ टक्के किंवा अधिक भाग घातलेल्या साखरेतून मिळवणाऱ्यांचा हृदयविकाराने मृत्यू होण्याचा धोका, १० टक्क्यांहून कमी साखर घेणाऱ्यांच्या पावणेतीन पट आढळला. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने तो कार्यकारणभाव निर्विवादपणे सिद्ध करत नाही.

दंतक्षय : साखरेचा हा सर्वांत जुना व सर्वांत निर्विवाद दुष्परिणाम. तोंडातील स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. दातावरील थराचा सामू ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातील खनिजे विरघळू लागतात. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील संस्थेत १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात बौद्धिक अक्षमता असलेल्या निवासी व्यक्तींवर झालेल्या प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट कळली. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट स्वरूपात खाल्ली, यावर दातांची हानी अधिक अवलंबून असते. संमती देऊ न शकणाऱ्या माणसांचे दात किडवून मिळवलेले हे ज्ञान आज वैद्यकीय नीतिशास्त्रात निषेधाचे उदाहरण म्हणून शिकवले जाते.

गोड खाल्ल्याने मुले अतिचंचल होतात ही समजूत मात्र चाचण्यांत टिकलेली नाही. १९९५ मध्ये अशा चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात साखरेचा मुलांच्या वर्तनावर परिणाम आढळला नाही.

भारतीय शरीर आणि ‘कृश-मेदस्वी’ बालक

अतिरिक्त कर्बोदकांचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. या बाबतीत पुण्यात झालेले संशोधन जगभर उद्धृत केले जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा व त्यांच्या अपत्यांचा दीर्घकालीन अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम. भारतीय बालकांचे स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते, परंतु त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. वरून कृश आणि आतून मेदयुक्त अशा या देहरचनेला ‘कृश-मेदस्वी’ असे म्हणता येईल.

२००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्य जॉन एस. युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही शरीर-वस्तुमान निर्देशांक २२.३, म्हणजे सामान्य होता. शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरला. संशोधकाने स्वतःच्याच देहाचा पुरावा ठेवल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. वजनकाटा जे सांगत नाही ते या छायाचित्राने सांगितले.

स्नायू कमी म्हणजे ग्लुकोज साठवण्याची जागा कमी. त्यामुळे तेवढ्याच भाताचा भार अशा शरीरावर अधिक पडतो. ‘सडपातळ आहे, त्याला काही होणार नाही’ हा दिलासा भारतीयांच्या बाबतीत म्हणूनच फसवा ठरतो. भारतीय तज्ज्ञांनी शरीर-वस्तुमान निर्देशांक २३ पासून अतिवजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानावा, तसेच कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर यांहून अधिक असल्यास सावध व्हावे, असे निकष सुचवले आहेत.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडिआब’ या देशव्यापी सर्वेक्षणाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटींना मधुमेहपूर्व अवस्था असल्याचे सांगतात. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के आढळले. म्हणजे तेथे दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक मधुमेही आहेत.

मराठी ताटातील कर्बोदके

गूळपाणी देऊन पाहुण्याचे स्वागत करण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. साखर मात्र बराच काळ सणासुदीची वस्तू होती. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्यात १९५० च्या सुमारास उत्पादन सुरू झाले. पुढे राज्यभर कारखाने उभे राहिले. त्यातून ग्रामीण भागात शाळा, दवाखाने, रस्ते आले हे खरे आहे, आणि साखर सर्वांच्या आवाक्यात आली हेही खरे आहे. घाटावरच्या खेड्यांत भात एकेकाळी सणाचा किंवा पाहुण्यांचा असे, रोजची ज्वारी-बाजरीची भाकरी. शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या स्वस्त गहू-तांदळाने आणि बदललेल्या राहणीने हे चित्र पालटले.

‘इंडिआब’च्या आहारविषयक माहितीचे विश्लेषण २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतीयांना सरासरी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते आणि त्यांतील मोठा भाग पांढरा तांदूळ, दळलेली धान्ये व साखर यांचा असतो. भरड धान्ये मुख्य अन्न म्हणून टिकून असलेल्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्राची गणना झाली आहे. मात्र याच विश्लेषणाचा एक निष्कर्ष भाकरीच्या चाहत्यांना विचार करायला लावणारा आहे. पांढऱ्या तांदळाऐवजी केवळ गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ वापरल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. एकूण कर्बोदके थोडी कमी करून त्यांच्या जागी डाळी-कडधान्ये किंवा दुग्धजन्य पदार्थ यांतील प्रथिने घेतल्यास मात्र धोका घटण्याची शक्यता दिसली. ज्वारीच्या भाकरीत तंतू व खनिजे पांढऱ्या भातापेक्षा अधिक असतात, हे तिचे श्रेय आहेच. परंतु तीन भाकरींवर चमचाभर भाजी हे ताट दोन मुदी भाताच्या ताटाहून फारसे निराळे ठरत नाही.

उपवासाचे पदार्थ हा स्वतंत्र विषय आहे. भारतात साबुदाणा टॅपिओकाच्या कंदातील पिष्टापासून बनवतात. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके असतात, तर प्रथिने एक ग्रॅमही नसतात. खिचडीतील शेंगदाण्याचे कूट हाच तिचा पोषक भाग. जोडीला बटाटा, रताळे, राजगिऱ्याचा लाडू आणि केळे आले की ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आहारशास्त्राच्या कसोटीवरही खरी ठरते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्या व्यक्तीने दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी असा फराळ करणे दोन्ही बाजूंनी जोखमीचे आहे. दिवसा साखर उतरते, रात्री चढते.

चहाचा हिशेब साधा आहे. लहान चमचाभर साखर सुमारे ४ ग्रॅम. दोन चमच्यांचा एक असे दिवसाचे चार कप घेतल्यास ३२ ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शिकेत मुक्त शर्करा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवावी आणि शक्य तर ५ टक्क्यांपर्यंत आणावी असे सुचवले आहे. २००० किलोकॅलरींच्या आहारात हे प्रमाण अनुक्रमे ५० व २५ ग्रॅम होते. याचाच अर्थ असा की बिस्किट, लोणच्यातला गूळ किंवा आमटीतला खडा मोजण्यापूर्वीच चहाने दुसरी मर्यादा ओलांडलेली असते. २०० मिलिलिटर उसाच्या रसात साधारण २५ ते ३० ग्रॅम, तर ३०० मिलिलिटर कोला पेयात ३० ग्रॅमहून थोडी अधिक शर्करा असते. रसवंतीतला रस ताजा असतो, एवढाच काय तो दोहोंत फरक.

गुळाविषयी मराठी घरांत विशेष ममत्व आहे. गुळात थोडी खनिजे असतात, परंतु त्याचा बहुतांश भाग सुक्रोजच असतो आणि ऊर्जाही जवळजवळ साखरेइतकीच. मधालाही हेच लागू पडते. ‘गुळाचा चहा मधुमेहींना चालतो’ या पाटीला शास्त्रीय आधार नाही.

पूर्वसूरींची निरीक्षणे आणि आधुनिक वाद

चरकसंहितेत प्रमेहाच्या कारणांमध्ये सुखासीन बैठक आणि निद्रेची आवड यांसह दही-दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचा उल्लेख येतो. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे जन्मजात आणि अपथ्यजन्य असे दोन प्रकार सांगितले असून पहिल्यातील रुग्ण कृश, तर दुसऱ्यातील स्थूल असतो असे म्हटले आहे. या वर्णनाचा आजच्या वर्गीकरणाशी तंतोतंत मेळ घालणे योग्य नव्हे. तरी आहार, आराम आणि व्याधी यांचा संबंध या ग्रंथकारांनी टिपला होता, हे स्पष्ट आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हृदयविकाराचे मूळ आहारातील मेदात आहे की साखरेत, यावर पाश्चात्त्य जगात मोठा वाद झाला. ब्रिटिश आहारतज्ज्ञ जॉन युडकिन यांनी १९७२ मध्ये ‘प्युअर, व्हाइट अँड डेडली’ या पुस्तकातून साखरेला दोषी धरले. (हे युडकिन आणि वर उल्लेखिलेले जॉन एस. युडकिन या भिन्न व्यक्ती आहेत.) त्यांचे म्हणणे त्या काळी मागे पडले. २०१६ मध्ये ऐतिहासिक कागदपत्रांच्या आधारे असे उघड झाले की, १९६७ मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात साखरेवरील आक्षेप सौम्य करून मेदावर भर देणारा जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यासाठी अमेरिकेतील साखर उद्योगाच्या संशोधन संस्थेने पैसे दिले होते आणि ही गोष्ट लेखात नमूद नव्हती. याचा अर्थ मेदाविषयीचे सारे संशोधन खोटे होते असा होत नाही. मात्र अनेक दशके ‘मेदमुक्त’ म्हणून विकल्या गेलेल्या पदार्थांत चव राखण्यासाठी साखर घातली गेली, आणि ती कोणी फारशी मोजली नाही.

कर्बोदके अजिबात वर्ज्य करावीत, असे दुसरे टोकही गाठले जाते. २०१८ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ऊर्जेच्या ५० ते ५५ टक्के कर्बोदके घेणाऱ्यांत मृत्युदर सर्वांत कमी आढळला. त्याहून फार अधिक आणि फार कमी, अशा दोन्ही बाजूंना तो वाढलेला होता. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारित आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेल्या आहारपद्धतीत दिवसातून दोनदाच जेवण्यावर भर आहे. अधल्यामधल्या चहा-बिस्किटांना त्यामुळे आळा बसतो. परंतु जेवणांची संख्या आणि जेवणातील कर्बोदकांचे प्रमाण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना जेवण वा कर्बोदके एकाएकी कमी केल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनीही स्वतःच प्रयोग करू नयेत.

प्रतिबंध

मधुमेहपूर्व अवस्था ही परतीची वाट अजून खुली असलेली अवस्था आहे. चेन्नई येथे झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात आहार व व्यायाम यांतील माफक बदलांनी मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले.

व्यवहारात पुढील गोष्टी उपयुक्त ठरतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार तृणधान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंत मर्यादित असावी आणि डाळी, कडधान्ये, भाज्या, फळे, दूध यांचा वाटा वाढावा. मराठी स्वयंपाकात यासाठी नवे काही शोधावे लागत नाही. मटकीची उसळ, पिठले, घट्ट वरण, कोशिंबीर, ताक, परवडेल त्यांना अंडी-मासे हे सारे ताटात पूर्वीपासून आहेत. फक्त ते तोंडी लावण्यापुरते राहिले आणि भात-पोळी मुख्य झाली. कोशिंबीर व उसळ आधी आणि भात-पोळी नंतर असा क्रम ठेवल्यास जेवणानंतरची रक्तशर्करा कमी चढते, असे छोट्या प्रयोगांत दिसले आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यास स्नायू तेवढे ग्लुकोज वापरून टाकतात.

वेष्टनावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. साखर पहिल्या दोन-तीन घटकांत असल्यास तो पदार्थ गोड खाऊच समजावा, मग वेष्टनावर धान्याचे चित्र असो वा खेळाडूचे. डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, कॉर्न सिरप ही नावे साखरेची भावंडे होत. ‘साखरविरहित’ बिस्किटे बहुधा मैद्याची असतात. त्यातील पिष्टाचे ग्लुकोज व्हायचे ते होतेच. वजन घटवण्यासाठी कृत्रिम गोडी देणारे पदार्थ वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवले. ही सूचना आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नाही.

सार्वजनिक धोरण

साखरेच्या नियंत्रणाचा दीर्घ परिणाम पाहण्याची संधी इतिहासाने एकदा दिली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये साखरेचे नियमित वाटप सुरू झाले आणि ते सप्टेंबर १९५३ मध्ये संपले. लगेच तेथील साखरेचा खप जवळपास दुप्पट झाला. त्या सुमारास थोड्या मागेपुढे जन्मलेल्या व्यक्तींची पुढील आयुष्यातील प्रकृती तपासणारा अभ्यास २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गर्भावस्थेपासून पहिल्या सुमारे हजार दिवसांत ज्यांच्या वाट्याला कमी साखर आली, त्यांच्यात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. दोन वर्षांखालील बालकांच्या अन्नात साखर घालू नये, या शिफारशीला त्यामुळे बळ मिळते.

मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. ब्रिटनने २०१८ मध्ये साखरेच्या प्रमाणानुसार कर आकारला आणि अनेक उत्पादकांनी कर टाळण्यासाठी पेयांतील साखरच कमी केली. भारतात वायुमिश्रित शीतपेयांवर वस्तू व सेवा कराचा सर्वोच्च दर असून सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. पेयात साखर किती आहे याच्याशी मात्र हा दर जोडलेला नाही.

मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या संलग्न शाळांना ‘साखर फलक’ लावण्याचे निर्देश दिले. मुलांच्या नेहमीच्या खाण्यापिण्यातील साखरेचे प्रमाण, दिवसाची योग्य मर्यादा आणि पर्यायी पदार्थ यांची माहिती या फलकांवर देणे अपेक्षित आहे. शाळेच्या फाटकाबाहेरील गोळ्या-पेप्सीकोल्याची गाडी या निर्देशाच्या कक्षेत येत नाही, आणि चवीला गोड नसलेल्या वडापावाचा पाव व बटाटाही त्या फलकात बसत नाही.